थोडे चालणाऱ्या मोटारीची झडप

इंदूरचा महात्मा गांधी मार्ग राजवाड्यालगतची दाटी मागे टाकून पश्चिमेस जेथे संपतो आणि जेथून विमानतळाकडील रस्ता सुरू होतो, त्या बडा गणपतीच्या चौराह्यावर पंचवीस फूट उंचीच्या शेंदरी मूर्तीच्या दर्शनास आलेल्या परगावच्या माणसाचे लक्ष तिकडे जाण्याचे कारण नाही; परंतु आसपासच्या, विशेषतः मल्हारगंजाच्या बाजूच्या गल्ल्यांतून सकाळी फेरी मारणाऱ्यास हे सहज दिसून येते की, येथील बऱ्याच घरांपुढे कापडी खोळ घालून उभी केलेली लहान पेट्रोल मोटार आठवड्यातून फार तर तीन-चार वेळा बाहेर निघते, आणि निघाली तरी राजवाडा, सराफा, डॉक्टरांचा दवाखाना किंवा नातवंडांची शाळा यांपलीकडे तिची हद्द क्वचितच जाते. पंधरा वर्षांच्या गाडीने चाळीस हजार किलोमीटरही ओलांडलेले नाहीत, हे तिचा मालक अभिमानाने सांगतो. आणि जी वस्तू कमी वापरली ती कमी झिजली असली पाहिजे, हा त्याचा तर्क कपाटातील शालूच्या बाबतीत खरा असला, तरी अंतर्ज्वलन एंजिनाच्या बाबतीत तो एका ठिकाणी साफ फसतो. ते ठिकाण म्हणजे एंजिनाच्या उदरातील वायू बाहेर काढणारी, अंगठ्याएवढी एक झडप होय. गॅरेजमध्ये तिला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात, आणि तिच्यासकट सगळ्या नळीलाच ब्रीदर म्हणण्याचीही रीत आहे.

या झडपेची कैफियत मुद्दाम मांडण्याचे कारण असे की, तिच्या बिघाडाची लक्षणे हुबेहूब एका फार मोठ्या दुखण्याच्या लक्षणांसारखी असतात. ऑइल कमी होऊ लागते, मागच्या नळीतून निळसर धूर दिसतो, एंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरच्या कडेने ऑइल पाझरून एंजिनावर काळा थर बसतो, ऑइल मोजण्याची पट्टी आपोआप वर उचलली जाते, स्लोवर, म्हणजे पेट्रोलवर पाय नसताना, गाडी अडखळते. आणि ही लक्षणे घेऊन गृहस्थ गॅरेजात गेला म्हणजे बहुधा त्याला असा निकाल ऐकावयास मिळतो की, रिंगा गेल्या, आता एंजिनाचे काम काढावे लागेल. निकाल देणाऱ्या मिस्त्रींच्या मनात कपट असतेच असे मी म्हणणार नाही, कारण ज्या गाड्या त्यांच्याकडे येतात त्यांपैकी पुष्कळांच्या रिंगा खरोखरच गेलेल्या असतात. पण चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीबद्दल हा निकाल बिनतक्रार मान्य करण्यापूर्वी काहीशे रुपयांत मिळणाऱ्या एका झडपेची तपासणी करून घेणे हे शहाणपणाचे आहे, आणि ती तपासणी, त्याचप्रमाणे बहुतेक जुन्या गाड्यांत झडप बदलण्याचे कामही, घराच्या अंगणात, एका पकडीच्या आणि दोन-तीन पान्यांच्या साहाय्याने करता येते.

प्रथम या झडपेचे प्रयोजन काय ते पाहू. एंजिनाच्या नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरात, पेट्रोल व हवा यांच्या मिश्रणाचा स्फोट होऊन दट्ट्या खाली ढकलला जातो, हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. परंतु दट्ट्या आणि नळकांड्याची भिंत यांच्यामधील सांध पूर्णपणे बंद करणे कोणत्याही कारागिरास आजवर साधलेले नाही, ही गोष्ट शाळेत सहसा सांगितली जात नाही. दट्ट्याभोवती ज्या लोखंडी रिंगा असतात त्यांना तापून फुगण्यास जागा असावी म्हणून त्यांची टोके मुद्दाम काही दशांश मिलिमीटर दूर ठेवलेली असतात, आणि एंजिनावर भार असताना स्फोटाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या ४०-५० पटींपर्यंत चढत असल्यामुळे त्या फटीतून थोडासा वायू प्रत्येक स्फोटाबरोबर खाली, जेथे ऑइल साठलेले असते त्या चेंबरमध्ये उतरतोच. एंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असले म्हणजे चार धावांच्या पद्धतीत प्रत्येक सिलिंडरात सेकंदास २५ स्फोट होतात, आणि मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरांच्या गाडीत ही संख्या ७५ वर जाते; तेव्हा एकेका स्फोटाची गळती कितीही क्षुल्लक असली तरी तिचा सततचा ओघ क्षुल्लक राहत नाही. या ओघात न जळलेले पेट्रोल असते, आम्लधर्मी वायू असतात आणि पाण्याची वाफ असते. या ओघास बाहेर जाण्यास वाट दिली नाही, तर तो स्वतः वाट शोधतो, आणि त्याला सापडणारी वाट म्हणजे रबरी सील, गॅस्केट व ऑइलच्या पट्टीचे छिद्र.

मोटारीच्या पहिल्या अर्धशतकात यावरचा इलाज अगदी सोपा होता: चेंबरमधून एक नळी काढून ती गाडीखाली उघडी सोडून द्यावयाची, म्हणजे गाडी वेगात असता खालून वाहणारी हवा आतील वायू ओढून नेते. ज्या काळात इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतलेली आपली ड्यूसेनबर्ग मोटार बाळगीत होते, त्या १९३० च्या दशकात हीच सर्वमान्य रीत होती, आणि कितीही राजेशाही गाडी असली तरी तिच्या जाण्यामागे रस्त्यावर ऑइलचा एक अस्पष्ट पट्टा उमटे. या रीतीचा दोष असा की, गाडी उभी असली म्हणजे ओढणारी हवाच नसते, आणि गाडी पाण्यात शिरली तर उघडी नळी पाणी आत घेते. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपला नदीनाले ओलांडावे लागत, म्हणून तिच्या एंजिनात चेंबरमधील वायू उघड्यावर न सोडता एका झडपेतून पुन्हा एंजिनाच्याच ओढीवर सोपवण्याची तजवीज केलेली होती. आणि हीच जीप पुढे मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात जुळवली जाऊन आपल्याकडील खेड्यापाड्यांत पोहोचली. जी युक्ती सैन्याने आपल्या अडचणीपोटी योजली ती नागरी मोटारींस लागू होण्यास मात्र धुराचे निमित्त व्हावे लागले. लॉस एंजेलिस शहरावर १९४० च्या दशकात जे डोळे झोंबणारे धुके पसरू लागले त्याचा उलगडा आरी हागेन-स्मिट या जन्माने डच असलेल्या रसायनशास्त्रज्ञाने केला. त्याने दाखवून दिले की मोटारींतून व कारखान्यांतून सुटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके बनते. मग हिशेब झाला तेव्हा मोटारीतून निसटणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी सुमारे एक-पंचमांश भाग मागच्या नळीतून न येता या खालच्या उघड्या नळीतून येतो असे आढळले. कॅलिफोर्नियात १९६१ च्या नमुन्याच्या मोटारींपासून, आणि सर्व अमेरिकेत १९६३ च्या नमुन्यांपासून, ही झडप बसवली जाऊ लागली. धूर कमी करण्यासाठी मोटारीवर बसवलेला पहिला उपाय हाच, आणि माझ्या मते आजवरचा सर्वांत स्वस्तही हाच.

आपल्याकडे आज नव्या नमुन्याच्या मोटारीस मान्यता मिळण्यापूर्वी ज्या परीक्षा द्याव्या लागतात त्यांत चेंबरमधून कोणताही वायू वातावरणात सुटता कामा नये अशी स्वतंत्र कसोटीच आहे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था मोटारींच्या अशा परीक्षा घेते, आणि इंदूरकरांना त्यासाठी पुण्याकडे पाहण्याचेही कारण उरलेले नाही, कारण त्यांच्या शेजारच्या पीथमपुरात मोटारींच्या परीक्षेसाठी नॅट्रॅक्स नावाचे केंद्र उभे राहिले असून तेथील ११.३ किलोमीटरांचा वेगमार्ग २०२१ साली खुला झाला. विसंगती पुढे आहे. मान्यतेच्या वेळी ज्या नळीची एवढी कसून चौकशी होते, तिच्याकडे नंतरच्या प्रदूषण-दाखल्याच्या वेळी कोणी पाहतही नाही, कारण तो दाखला केवळ मागच्या नळीतील धुरावरून दिला जातो. त्यामुळे झडप तुंबली असता नळीच काढून खाली मोकळी सोडून देण्याचा जो उपाय काही गॅरेजांतून सर्रास केला जातो, तो दाखल्याच्या कचाट्यात कधी सापडत नाही. ज्या शहराने २०१७ मध्ये मिळवलेला स्वच्छतेचा पहिला क्रमांक २०२३ पर्यंत सोडला नाही, आणि २०२३ च्या स्वच्छ वायु सर्वेक्षणातही दहा लाखांवरील शहरांत पहिले स्थान घेतले, त्या शहरात तरी हा उपाय कोणी करू नये असे वाटते. शिवाय तो गाडीच्याही हिताचा नाही, कारण मोकळ्या नळीवाटे माळव्याच्या उन्हाळ्यातील धूळ आत जाते आणि एंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळीकडील तोंड उघडे राहिले तर स्लो कधी ठीक लागत नाही.

आता झडपेचे अंतरंग. धातूच्या किंवा प्लास्टिकच्या छोट्या नळीत एक निमुळती दांडी आणि तिच्यामागे एक स्प्रिंग, एवढाच तिचा संसार. एका बाजूस चेंबर, दुसऱ्या बाजूस मॅनिफोल्ड, म्हणजे एंजिन जेथून आत हवा ओढते ती नळी. होळकरशाहीतील एखाद्या हुशार नाकेदाराने वेळ पाहून माल सोडावा त्याप्रमाणे ही दांडी वायूस रवानगी देते. इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने महाराष्ट्राकडे निघालेली गाडी मानपूरच्या घाटात गियरमध्ये, पेट्रोलवरचा पाय काढून उतरत असते तेव्हा मॅनिफोल्डमधील ओढ अतिशय प्रबळ असते. स्लोवर उभ्या असलेल्या गाडीचीही हीच स्थिती. त्या प्रबळ ओढीने दांडी मॅनिफोल्डच्या टोकाशी खेचली जाऊन वाट अरुंद होते, आणि हे इष्टच असते, कारण त्या वेळी गळतीही थोडी असते व जास्त हवा आत गेली तर मिश्रण बिघडून एंजिन अडखळेल. तीच गाडी निमाडातून परत येताना तो घाट चढू लागली म्हणजे पेट्रोलचा पडदा उघडा असल्याने ओढ मंद होते, स्प्रिंग दांडीला मागे लोटते आणि वाट मोठी होते. नेमके तेव्हाच स्फोटांचा जोर वाढून गळती वाढलेली असते. आणि कधी ज्वाळा उलटी मॅनिफोल्डमध्ये फुटली, तर दांडी उलट टोकाशी जाऊन बसते व नाका पूर्ण बंद होतो, नाही तर ती ज्वाळा ऑइलच्या वाफेपर्यंत पोहोचली असती. एवढा सगळा बंदोबस्त एका स्प्रिंगच्या ताकदीवर चाललेला असतो, म्हणूनच दिसावयास सारख्या असणाऱ्या दोन गाड्यांच्या झडपा एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

थोडे चालणाऱ्या गाडीत हा बंदोबस्त का मोडतो? एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले म्हणजे त्यातून सुमारे एक लिटर पाणी तयार होते, ही गोष्ट ऐकणाऱ्यास नेहमी आश्चर्यकारक वाटते. त्यातील बहुतेक पाणी वाफेच्या रूपाने मागच्या नळीतून निघून जाते, परंतु रिंगांवाटे जे थोडे चेंबरमध्ये उतरते ते थंड धातूवर पुन्हा द्रव होऊन ऑइलमध्ये मिसळते, आणि ऑइल चांगले तापून काही काळ तापलेले राहिल्याशिवाय ते उडून जात नाही. उज्जैनच्या सुमारे पंचावन्न किलोमीटरांच्या प्रवासात हे विनासायास होते. बडा गणपतीपासून राजवाड्यापर्यंतच्या दोनेक किलोमीटरांत, आणि तेही डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, काट्यावर एंजिन गरम दिसले तरी तो काटा पाण्याचे तापमान दाखवीत असतो. ऑइल त्याच्या बरेच मागे असते. अशा रीतीने महिनोन्महिने साचलेले पाणी, न जळलेले पेट्रोल आणि काजळी यांचा पिवळसर, पांढुरका चिकटा होतो, आणि तो झडपेच्या अरुंद वाटेत बसला म्हणजे दांडी हलेनाशी होते. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतील बाजूस हा चिकटा दिसला तर झडपेच्या दशेविषयी फारशी शंका उरत नाही. रोज महूपर्यंत जाऊन येणाऱ्या टॅक्सीत मात्र, लाख किलोमीटर होऊनही, झडप कित्येकदा स्वच्छ निघते.

तपासणी करावयाची ती तीन प्रकारांनी, आणि या तिन्हींत मला कागदाची परीक्षा सर्वांत अधिक विश्वसनीय वाटते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये, स्लोवर चालू ठेवावी, ऑइल भरण्याचे झाकण काढावे आणि त्या तोंडावर साधा वहीचा कागद अलगद ठेवावा. झडप काम करीत असेल तर थोड्याच वेळात कागद तोंडाला हलका चिकटतो, आणि तो फडफडत उडू लागला तर आत दाब साचत आहे असे समजावे. सैल ओढण्या, लांब बाह्या आणि लहान मुले यांना या वेळी फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवावे, हे सांगावयास नकोच, तरी सांगतो. दुसरी परीक्षा म्हणजे टॅपेट कव्हरवर बसलेली झडप तिच्या जागेतून काढून, नळी तशीच लावलेली ठेवून, उघड्या टोकावर बोट धरणे. ओढ जाणवली आणि एंजिनाचा आवाज किंचित बदलला म्हणजे मॅनिफोल्डकडील वाट मोकळी आहे. तिसरी, एंजिन बंद करून झडप पूर्ण सुटी केल्यावर ती कानाशी धरून हलवणे: आतील दांडी खुळखुळली पाहिजे. न खुळखुळणारी झडप निश्चित निकामी समजावी. खुळखुळणारी झडप मात्र निश्चित चांगली असतेच असे नाही, कारण स्प्रिंग ढिली पडलेली असू शकते.

सुटा भाग घेताना दुकानदाराला केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत निरनिराळ्या वर्षी निरनिराळी एंजिने बसलेली असतात, म्हणून नोंदणीपुस्तकातील एंजिनाचा क्रमांक आणि उत्पादनाचे वर्ष बरोबर न्यावे, जुनी झडपही खिशात ठेवावी, आणि झडपेबरोबर तिच्या बुडाशी बसणारे रबर, ज्याला ग्रोमेट म्हणतात, तेही नवे घ्यावे. बाटलीतला क्लीनर फवारून जुनी झडप धुऊन वापरण्याचा मोह होतो. निव्वळ धातूच्या झडपेत तो काही काळ उपयोगीही पडतो, पण जिच्यात रबरी पडदा आहे तिचा पडदा त्याने बिघडतो, आणि ढिली पडलेली स्प्रिंग तर कोणत्याच द्रवाने ताजी होत नाही. एवढ्या थोड्या रकमेसाठी ही काटकसर मला पटत नाही.

प्रत्यक्ष काम एंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. झडप बहुधा टॅपेट कव्हरवर दाबून बसवलेली किंवा मॅनिफोल्डमध्ये आट्यांनी घट्ट केलेली असते, आणि तिच्यापासून एक आखूड रबरी नळी निघते. सारी तसदी असते ती या रबराची. दहा-बारा वर्षे उष्णता आणि ऑइल सोसलेली नळी वरून धड दिसली तरी आतून फुगून मऊ झालेली किंवा उलट वाळून ठिसूळ झालेली असते, आणि ती सरळ ओढली तर फाटते. म्हणून पकडीने क्लिप मागे सरकवून नळी आधी हलकेच पिळावी, धातूशी लागलेला तिचा चिकटपणा सुटू द्यावा, आणि मग काढावी. जुने ग्रोमेट काढताना त्याचे तुकडे टॅपेट कव्हरच्या आत पडू नयेत याची सर्वांत अधिक काळजी घ्यावी. भोवतालची धूळ आधी कापडाने पुसून घ्यावी आणि तुकडे चिमट्याने बाहेरच्या बाजूस उचलावेत. नवीन ग्रोमेटच्या कडेला स्वच्छ एंजिन ऑइलचे बोट लावले म्हणजे ते सुरळीत बसते. झडपेची दिशा उलटी होऊ देऊ नये; टॅपेट कव्हरवर बसणाऱ्या झडपेत नळीचे टोक मॅनिफोल्डकडे. आट्यांची झडप असेल तर ती प्रथम हाताने फिरवावी, कारण ॲल्युमिनियमच्या आट्या पान्याच्या एका जादा झटक्याने कायमच्या जातात. नळी बदलावयाची असेल तर ऑइल व उष्णता सोसणारीच घ्यावी. पाण्याची किंवा काच पुसण्याच्या फवाऱ्याची नळी मापास बसते खरी, पण एंजिनाच्या ओढीने ती आत चेपते आणि नव्या झडपेची वाट बंद पडते.

हे सर्व जुन्या पद्धतीच्या पेट्रोल मोटारींना लागू. अलीकडच्या कित्येक गाड्यांत झडप टॅपेट कव्हरमध्येच घडवलेली असते आणि तिच्यासाठी सबंध कव्हर बदलावे लागते. तेथे गृहस्थाने हात न घालणे बरे. डिझेल गाडीच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखी ओढच नसल्याने तेथील व्यवस्था निराळी, ऑइल गाळण्याच्या भांड्यासह असते. दुचाकींपैकी पुण्याच्या बजाजची जुनी चेतक किंवा पीथमपुरात बनलेली कायनेटिक होंडा या दोन धावांच्या गाड्यांत मिश्रणच चेंबरमधून जात असल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही. जुन्या बुलेटला डकबिल नावाची रबरी झडप असते व तिच्या ओठांत फट पडली म्हणजे ऑइल बाहेर येते. आणि आजच्या चार धावांच्या स्कूटरांना ब्रीदरची एक छोटी नळी खाली सोडलेली असते, तिचे बूच काढून साचलेला गाळ वेळोवेळी ओतून टाकला म्हणजे पुष्कळ झाले.

झडप बदलल्यावर ऑइल व त्याचा फिल्टर त्याच वेळी बदलून घ्यावा, कारण जुन्या ऑइलमधील चिकटा नव्या झडपेकडेही तितक्याच आस्थेने येणार. आणि पुढे पंधरवड्यातून एकदा तरी गाडी महू किंवा देवासच्या रस्त्याने अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. पाझर व धूर लगेच थांबेल अशी अपेक्षा करू नये. दाबाने ढिले पडलेले गॅस्केट आपोआप घट्ट होत नाही, आणि मॅनिफोल्डमध्ये आधीच साचलेले ऑइल जळून जाण्यास काही दिवस लागतात. नंतर पुन्हा कागदाची परीक्षा घ्यावी. नवी झडप, नवी नळी आणि नवे ऑइल असतानाही कागद जर पूर्वीप्रमाणेच उडत राहिला, तर रिंगा खरोखरच झिजलेल्या असाव्यात. मग प्रत्येक सिलिंडराचा दाब मापकाने मोजून घ्यावा, आकडे कमी आले तर मिस्त्रींचा पहिला निकाल बरोबर होता हे कबूल करावे, आणि गाडी त्यांच्या हवाली करावी.